दोन दिवसांचं लीडरशिप वर्कशॉप केलं बेळगावात, पैसे वसूल झाले काय ते सविस्तर सांगतो

उद्यमबागमध्ये, म्हणजे बेळगावच्या इंडस्ट्रियल एरियात, आमचं मशीन शॉप आहे. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) पाच, व्हीएमसी (त्यातलीच, उभ्या कटरची) दोन, आणि बाबांनी १९८७ साली घेतलेली पहिली लेथ अजून कोपऱ्यात चालू आहे. हायड्रॉलिकवाल्यांची कामं करतो, स्लीव्ह, स्पूल, व्हॉल्व्ह बॉडी असले तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचे भाग. माणसं तेवीस. अर्धी मराठी, येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी, खानापूरकडची, आणि अर्धी कन्नड, बैलहोंगल, गोकाक साईडची. हे आधी सांगतोय कारण पुढं जे लिहिणार आहे ते सगळं ह्याच्यावरच आहे, आणि ज्यांचं दोनशे माणसांचं युनिट आहे किंवा ज्यांचं दुकान आहे त्यांना ह्यातलं सगळं लागू होईल असं नाही.

मागच्या वर्षी सहा महिन्यांत माझे दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले. दोघांनीपण "घरचं काम आहे मालक, जरा गावाकडं बघायला पाहिजे" असं सांगितलं आणि महिन्याभरात कळलं की एकजण दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या युनिटला लागलाय, पगार माझ्यापेक्षा आठशे रुपये जास्त. आठशे! त्यानं मागितला असता तर मी हजार वाढवून दिला असता. पैशाचं दुःख नव्हतं, मला न सांगता गेला ह्याचं होतं. रात्री झोप लागायची नाही, हे मनापासून सांगतो. त्यात आमच्या इंडस्ट्रीच्या ग्रुपवर ह्या वर्कशॉपचा मेसेज आला, स्वतःला ओळखा, चांगले लीडर बना, दोन दिवस, शनिवार रविवार, क्लब रोडवरच्या एका हॉटेलात. फी साडेचौदा हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सतरा हजाराच्या वर. मी असल्या गोष्टींना कधी गेलो नव्हतो पण ह्या वेळी भरले पैसे. कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण चांगलं आणि वाईट दोन्ही लिहायचंय आणि मला कुणाचा धंदा बिघडवायचा नाही. असली वर्कशॉपं आता बेळगावात महिन्या-दोन महिन्याला होतातच, त्यामुळं कुठल्यापण एकाला जाणार असाल तर काय बघावं एवढं ह्यातून कळलं तरी बास.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वर्कशॉपच्या आधीच झाली. दहा दिवस आधी त्यांनी एक फॉर्म ईमेल केला. त्यात वीस प्रश्न. आधी तुम्ही स्वतःला पाचपैकी मार्क द्यायचे आणि मग तोच फॉर्म तुमच्या हाताखालच्या, बरोबरीच्या, घरच्या अशा आठ जणांकडून भरून घ्यायचा, नाव न घालता, आणि बंद पाकिटात द्यायचा. मोठ्या कंपन्यांत ह्याला ३६० डिग्री फीडबॅक म्हणतात, म्हणजे चारी बाजूंनी. कल्पना एकदम बरोबर. पण फॉर्म सगळा इंग्लिशमध्ये! माझा सेटर (मशीनवर काम बसवून देणारा) आयटीआय झालेला, ड्रॉइंग तोंडपाठ वाचतो, पण "तुमचे वरिष्ठ मतभेदाला जागा देतात का" असलं वाक्य इंग्लिशमध्ये बघून त्यानं सरळ सगळीकडं पाच पाच घातलं असतं आणि दिलं असतं परत. मी त्यांना फोन केला, मराठी आणि कन्नड फॉर्म आहे काय म्हणून. नाही म्हणाले. बेळगावात येऊन वर्कशॉप घेता आणि ह्या दोन भाषांत फॉर्म नाही हे मला अजून पटत नाही. शेवटी आमच्या अकाउंट बघणाऱ्या ताईंनी (त्यांना दोन्ही भाषा लिहायला येतात) दोन रात्री बसून दोन्हीकडं उतरवून काढला. शिवाय त्यांनीच सांगितलं की सर, अक्षर तुम्ही सगळ्यांचं ओळखता, लॉगबुक रोज बघता, नाव नाही घातलं म्हणून काय होतंय. मग त्यांनीच सगळ्यांचं ऐकून एका अक्षरात लिहून घेतलं आणि मूळ कागद फाडून टाकले. तेवीस माणसांच्या शॉपमध्ये "गुपित" म्हणजे काय असतं हे त्या ट्रेनरपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

शनिवारी नऊला बोलावलेलं, चालू झालं सव्वादहाला. आम्ही तीसएक जण होतो. निपाणीचे एक ट्रान्सपोर्टवाले, शहापूरच्या साडीच्या व्यापारातले दोन भाऊ, एका हॉस्पिटलच्या मॅनेजर मॅडम, खानापूरकडचे एक हेडमास्तर, आणि बाकी बरेच आमच्यासारखेच उद्यमबाग, मच्छेचे. ट्रेनर पुण्याहून आलेले. माणूस अभ्यासू आहे, ते मान्य करायला पाहिजे, उगाच ओरडाओरडा नाही, शांत बोलतात, प्रश्न विचारला तर टाळत नाहीत. फक्त बोलताना सारखं इंग्लिश, मध्ये हिंदी, आणि मराठी अगदी क्वचित.

सकाळच्या सेशनमध्ये त्यांनी जोहरी विंडो शिकवली. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं जोहरी म्हणजे सोन्याचांदीवाला जोहरी. तसं नाही. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम, ही काढली आणि दोघांच्या हाकेच्या नावांवरून, जो आणि हॅरी, तिला जोहरी नाव पडलं. चार तावदानांची खिडकी समजा. एका तावदानात जे मलापण माहीत आहे आणि लोकांनापण. दुसऱ्यात जे मला माहीत आहे पण मी लोकांपासून लपवतो. तिसऱ्यात जे लोकांना दिसतंय पण मला दिसत नाही. चौथ्यात जे कुणालाच माहीत नाही. ते म्हणाले की मालक माणसाचं तिसरं तावदान सगळ्यात मोठं होत जातं, कारण जेवढं वर जाल तेवढं खरं सांगणारं कमी होतं. हे ऐकताना मी मान हलवत होतो आणि डोक्यात माझ्या ओळखीतले दुसरेच दोन-तीन मालक येत होते. दुपारी जेवण झाल्यावर पाकीट हातात दिलं, तेव्हा कळलं.

"टीममधल्या लोकांचं पूर्ण ऐकून घेतो", ह्याला मी स्वतःला साडेचार दिलेले. आठ जणांची सरासरी आली दोन पॉइंट एक. "चूक झाली तर मला न घाबरता सांगता येते", मी दिलेले चार, त्यांनी एक पॉइंट सहा. "सगळ्यांना सारखं वागवतो", मी पाच पैकी पाच दिलेले. हे मी अगदी छाती ठोकून दिलेलं, कारण आमच्या शॉपमध्ये मराठी कन्नड असा भेद मी कधी केला नाही, बाबांनी केला नाही, दसऱ्याच्या सणात खंडेनवमीची पूजा दोघांच्या हातून होते. त्यांनी दिले दोन पॉइंट तीन. मी दहा मिनिटं त्या कागदाकडं नुसता बघत बसलो. बाकीच्या प्रश्नांत मार्क चांगले होते, पगार वेळेवर, शब्द पाळतो, अडचणीला ऍडव्हान्स देतो, सगळीकडं साडेचारच्या वर, पण तिकडं डोळे जात नव्हते.

खाली शेरे होते. त्यातले तीन अजून पाठ आहेत. एक कन्नडातनं आलेला, अर्थ असा: मालक विचारतात पण उत्तर पुरं व्हायच्या आधी पुढच्या मशीनकडं गेलेले असतात. दुसरा: राग आला की मालक मराठीत बोलतात, आम्हाला निम्मं कळत नाही, आमच्याबद्दलच बोलायलेत असं वाटतं. आणि तिसरा, हा मराठीतला: आपला माणूस म्हणून आम्हालाच सगळ्यांसमोर जास्त बोलणं खावं लागतंय, कन्नडवाल्यांना केबिनमध्ये बोलावून सांगतात.

हा तिसरा वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. कारण ते खरं होतं. कन्नड मुलांना रागावताना मला शब्द शोधायला लागतात म्हणून मी त्यांना केबिनमध्ये बोलावून सावकाश बोलायचो, आणि येळ्ळूर मच्छेच्या पोरांना हक्कानं जागच्या जागी मशीनपाशीच झाडायचो, मनात कसं की ही आपलीच पोरं, ह्यांना काय वाटणाराय. म्हणजे एकाला वाटतंय मालक आमच्याबद्दल परक्या भाषेत बोलतात आणि दुसऱ्याला वाटतंय मालक आमचीच अब्रू काढतात, आणि मधे उभा राहून मी स्वतःला पाच पैकी पाच देत होतो. सीमाभागात धंदा करताना भाषेचं भान ठेवायचं म्हणजे बोर्ड आणि कागदपत्रं एवढंच मला माहीत होतं, राग कुठल्या भाषेत येतो हे पण त्यातच धरायचं असतं हे चाळिशीत कळलं.

ट्रेनरनी त्यावेळी एक माहिती दिली. ताशा युरिक म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या अभ्यासात असं निघालं की ९५ टक्के लोकांना वाटतं आपण स्वतःला नीट ओळखतो आणि खरं ओळखणारे १० ते १५ टक्केच. स्वतःच्या मनात काय चाललंय ते कळणं वेगळं आणि समोरच्याला आपण कसे दिसतो ते कळणं वेगळं, एक आलं म्हणजे दुसरं येतं असं नाही, हे पण त्यांचंच. मला पहिलं थोडंफार येतं असं मला वाटतं. दुसरं अजिबात येत नव्हतं. आणि त्यांची अजून एक गोष्ट कामाची वाटली, की स्वतःला "का" विचारत बसलं की माणूस कारणं शोधतो आणि तिथंच फिरत राहतो, त्यापेक्षा "काय" विचारावं. मी असा का वागतो, हे नको. असं वागायच्या आधी काय होतं, आणि पुढच्या वेळी काय करू, हे विचारा. आता आम्हा बेळगावकरांच्या तोंडात तसंही वाक्यावाक्याला "काय" असतंच, त्यामुळं ही गोष्ट डोक्यात चांगली बसली.

दिवसाच्या शेवटी त्यांनी हॉस्पिटलचा एक अभ्यास सांगितला आणि मला वाटतं सतरा हजार तिथंच वसूल झाले. एमी एडमंडसन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीममध्ये औषधं देताना किती चुका होतात ते बघितलं. अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. आधी त्यांनापण कळेना. मग लक्षात आलं की चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं चुका सांगत होती, आणि जिथं हेडला लोक घाबरत होते तिथं चुका झाकल्या जात होत्या. समोर बसलेल्या हॉस्पिटलच्या मॅडम लगेच म्हणाल्या, खरं आहे, अगदी असंच असतं.

आणि मला आमचं स्लीव्हचं लॉट आठवलं. ४०० नग, बोअर (आतलं भोक) २० मिलिमीटर एच७, म्हणजे वरच्या बाजूला २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा आणि खाली शून्य. त्यातले ६४ नग बोअर मोठे होऊन गिऱ्हाइकाकडून परत आलेले. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना कळेल, बोअर लहान राहिला तर परत मशीनवर चढवून वाढवता येतो, मोठा झाला की संपलं, भंगारच. कुणीतरी ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो मशीनला द्यायचा आकडा) दोनदा दिला होता. मी त्या दिवशी सगळी मशीनं बंद करून सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, कोण होतं? एकपण आवाज नाही. मी जवळजवळ पंधरा मिनिटं बोललो, काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्या वेळी मला वाटलं हे लोक बेफिकीर आहेत, ह्यांना कंपनीबद्दल आपुलकी नाही. आता विचार केला तर त्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या नगालाच कळलेलं असणार. तिथं मशीन थांबवून मला सांगायचं का पुढं रेटायचं, ह्यात त्याला पुढं रेटणं सोपं वाटलं, कारण मला सांगणं जास्त अवघड होतं. ६० नगांचं मटेरियल आणि गिऱ्हाइकाची नाराजी मी मशीनवर मोजत होतो, मोजायला पाहिजे होतं माझ्या तोंडावर.

पहिला दिवस असा. दुसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो कारण त्यात फार काही नाही. सकाळी व्यक्तिमत्त्वाची टेस्ट घेतली, ती सोळा प्रकारवाली, चार चार अक्षरांची, मायर्स ब्रिग्ज म्हणतात ती. ज्यांनी ती बनवली त्या आई आणि मुलगी होत्या, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स, दोघींचं मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं. त्यात चूक काही नाही, गप्पा मारायला चांगली टेस्ट आहे, दोन माणसं वेगळी का वागतात हे बोलायला निमित्त मिळतं. पण तीच टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, अशी टीका तिच्यावर बरीच वर्षं होत आलीय. तरी ट्रेनरच्या टीममधल्या एकानं आम्हाला सांगितलं की ऑपरेटर घेताना ही टेस्ट लावा. हे चुकीचं आहे आणि मी तिथंच बोललो, कारण ती टेस्ट विकणारे स्वतःच सांगतात की नोकरीवर घ्यायला ही वापरू नका. एक पोरगं चार अक्षरं वेगळी आली म्हणून घरी जावं हे मला सहन होणार नाही. मायक्रोमीटर धरायला देऊन बघा, दोन दिवस मशीनवर उभं करा, ते बरं.

दुपारनंतर डोळे मिटून आईवडिलांना आठवा, बारीक म्युझिक, अंधार. आजूबाजूला लोक रडत होते. शहापूरचे धाकटे भाऊ तर बराच वेळ थांबेनात. मला हे आवडलं नाही, मनापासून सांगतो. माणसाला उघडं करायचं आणि अर्ध्या तासात चहा प्यायला सोडायचं, त्याच्या मागं कोण बघणार? आणि लगेच त्यानंतर सहा महिन्यांच्या कोचिंगचं पॅकेज, साठ हजार, आज भरलं तर पन्नास. रडून डोळे लाल झालेल्या माणसासमोर कार्ड स्वाइपचं मशीन ठेवणं बरोबर नाही. मी त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर हे लिहून आलोय. महिन्यानंतर प्रत्येकाला एक फोन येईल, काय बदल केला ते बोलू असं पहिल्या दिवशी सांगितलेलं. फोन आला, पण पॅकेज घेणार काय हे विचारायला.

(जेवण चांगलं होतं. हॉल थंड. पार्किंगची बोंब.)

आता घरी आल्यावरचं. रविवारी रात्री बाबांना तो कागद दाखवला. बाबा आता ऐंशीला आलेत, शॉपवर आठवड्यातनं एकदा येतात, लेथपाशी बसतात. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "कोर्सला गेलास ते बरं केलास. पण हे सगळं त्येंना कागदावर कशाला लिहावं लागलं? मला तर समोर सांगायचे की." मी म्हणलं बाबा तुमच्या वेळी सहा माणसं होती. ते म्हणाले, "सहा होती, आणि मी जेवायला त्येंच्यात बसायचो. तू कुठं बसतोस?" मी केबिनमध्ये बसतो, मोबाईल बघत. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून डबा खाली घेऊन जातो. सुरवातीचे तीन-चार दिवस सगळे गप्प जेवायचे, त्यांची पण पंचाईत केली मी, हे मला दिसत होतं, पण सोडलं नाही. आता गोकाकचा एक हेल्पर मला बघितला की आधी "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं काय?) विचारतो आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि शेंगा चटणी पुढं करतो.

दुसरं असं ठरवलं की फ्लोअरवर रागावायचं नाही, कुणालाच नाही, मराठी असू दे का कन्नड. बोलायचं असेल तर केबिन, दार लावून, आणि कन्नड मुलाशी बोलताना सेटरला बरोबर घ्यायचं म्हणजे माझं अर्धवट कन्नड त्याच्या डोक्यावर पडायला नको. आणि विचारलं की उत्तर संपेपर्यंत त्याच मशीनपाशी उभं राहायचं. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला किती वेळा निम्म्या वाक्यात पुढं पाय टाकताना पकडलं ते मोजलं, एका दिवसात नऊ वेळा. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, घरीपण मोजा की.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका गुरुवारी सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर, बैलहोंगलचा, हातात ट्रे घेऊन केबिनच्या दारात उभा. अकरा नग. म्हणाला मालक, ऑफसेट चुकला माझ्याकडनं, अकराव्याला कळलं, थांबवलंय. माझ्या अंगात जे सळसळलं ते मला स्पष्ट कळलं, कान गरम झाले, तोंडात मराठी आली. तेव्हा तो "काय" आठवला. मी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "एन आतरी (काय झालं)? सांग पहिल्यापासून." त्यानं सांगितलं, मी शेवटपर्यंत ऐकलं, दोन मिनिटं पण लागली नाहीत. मग दोघांनी मिळून त्याच्या आधीचे पन्नास नग बोअर गेजनं तपासले, त्यात अजून चार निघाले. पंधरा नग भंगारात. आधीच्या हिशोबानं ते पण साठावर गेले असते आणि मला गिऱ्हाइकाच्या ईमेलवर कळलं असतं.

त्या महिन्यात आमच्या रजिस्टरमध्ये रिजेक्शन वाढलं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण कुणी जाऊन आलं आणि पहिल्याच महिन्यात आकडे वर गेलेले बघून घाबरलं तर घाबरू नका. गिऱ्हाइकाकडून परत येणारं कमी झालं, आमच्या आमच्यातच धरलेलं वाढलं. अगदी त्या हॉस्पिटलसारखं.

आणि तो ऑपरेटर, जो आठशे रुपयांसाठी गेला असं मला वाटत होतं, त्याला मी भेटलो. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ चहाला बोलावलं. परत ये म्हणायला नाही, नुसतं विचारायला. त्याला आधी संकोच वाटत होता, हालचाल, आईची तब्येत, शेतातलं भात, सगळं झालं. मग बोलला, "दादा, पैशासाठी नाही गेलो मी. त्या स्लीव्हच्या वेळी तुम्ही सगळ्यांसमोर बोललासा, त्या लाईनवर माझा मेव्हणा होता. घरी जाऊन बायकोला तोंड कसं दाखवू सांगा की." मला ती गोष्ट आठवतपण नव्हती, त्याचा मेव्हणा आमच्याकडंच आहे हे माहीत होतं आणि तरी त्या दिवशी दिसला नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, असू दे की दादा. परत आला नाही, येईल असं मला वाटतही नाही, तिकडं त्याला सुपरवायझर केलाय आणि त्याचं चांगलं चाललंय. पण आता रस्त्यात दिसला तर गाडी थांबवतो.

तर मग जायचं काय अशा वर्कशॉपला? माझं मत असं आहे. पहिल्या दिवसासाठी जा, तो एक दिवस खरोखर चांगला आहे, पाच पैकी पाच. दुसरा दिवस नसता तरी चाललं असतं, त्याला मी दोन देईन, ते पण सकाळच्या चहापाण्यासाठी आणि निपाणीच्या मामांशी झालेल्या गप्पांसाठी, त्यांनी आपल्या ड्रायव्हर लोकांना मुक्कामाच्या रात्री फोन कसा करावा ह्याबद्दल जे सांगितलं ते ट्रेनरच्या तोडीचं होतं. पैसे भरायच्या आधी विचारा: फॉर्म आमच्या माणसांच्या भाषेत देणार काय? नसेल तर स्वतः उतरवून घ्या पण इंग्लिश फॉर्म वाटू नका, खोटे पाच मिळतील आणि तुम्ही खूश होऊन घरी याल, ते न जाण्यापेक्षा वाईट. फॉर्म गोळा करणारा माणूस असा बघा की ज्याच्यावर कामगारांचा विश्वास आहे, तुमचा नाही, त्यांचा. कोचिंगचं पॅकेज त्याच दिवशी घेऊ नका, चार दिवस जाऊ द्या. आणि सध्या पगारच थकलेत, बँकेचा हप्ता चुकलाय अशा अडचणीत असाल तर हे पैसे तिकडं भरा, माणसं आधी पगार बघतात आणि ते बरोबर आहे.

ज्यांना सतरा हजार जमत नाहीत त्यांना पण एक करता येईल. जोहरीचा जो मूळ खेळ आहे त्यात पन्नासच्या वर विशेषणांची यादी असते, शांत, लाजाळू, मनमिळाऊ असली, त्यातली पाच-सहा तुम्ही स्वतःसाठी निवडायची आणि तुम्हाला ओळखणाऱ्या चार-पाच जणांनी तुमच्यासाठी निवडायची, मग जुळवून बघायचं काय दोघांत आलं आणि काय फक्त त्यांच्यात. यादी मराठीत स्वतः करता येते, आमच्या ताईंनी केली. मी घरी केला हा प्रकार, बायको, आई, बाबा आणि मोठी मुलगी. मुलीनं पहिला शब्द "घाईत" लिहिला. यादीत तो शब्द नव्हता, तिनं खाली आपल्या हातानं घातला होता.

फॉर्म मी परत वाटणार आहे, स्वतःच, कुणाचं वर्कशॉप न करता. दिवाळीच्या आधी वाटायचं ठरवलं होतं, पण ताई म्हणाल्या, सर, बोनसच्या आधी वाटला तर सगळे चांगलंच लिहितील. म्हणून आता तुळशीचं लग्न झाल्यावर.